गांधीबागेतून मैदानाकडे, मैदानातून परदेशाकडे

गांधीबाग म्हणजे नागपूरचे कापडाचे ठोक मार्केट, एवढेच बाहेरगावच्या माणसाला ठाऊक असते. विदर्भातील लहानमोठ्या गावांचे दुकानदार इथे माल भरायला येतात. एका अंगाला इतवारीचा सराफा आणि किराणा, दुसऱ्या अंगाला महाल, आणि मधून गेलेला सेंट्रल अव्हेन्यू रोड. ११ डिसेंबर २०२२ पासून या रस्त्यावरून मेट्रोही धावू लागली आहे. अग्रसेन चौकाच्या स्टेशनवर उतरले की बाजार हाकेच्या अंतरावर.

या बाजाराचा भार कोणाच्या खांद्यावर आहे ते पाहायचे असेल तर गल्लीत उभे राहावे. कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल, ठेले ओढणारे, दिवसभर उभे राहून गिऱ्हाइकापुढे थान उलगडणारी पोरे. यांतली कितीतरी कामगार वस्त्यांतून येतात. त्यांच्या आजोबांच्या पिढीला एम्प्रेस मिलचा आधार होता. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या त्या मिलमध्ये आपल्या समाजातील अनेकांनी पाळ्या केल्या. भोंगा झाला की चूल पेटायची. आज ती मिल नाही. दुकानातल्या पगारात घर चालवणे कठीण झाले की जवान मुलाच्या मनात बाहेर जाण्याचा विचार येतो. बाहेर म्हणजे पुणे-मुंबई, आणि आता दुबई, कतार, जर्मनीसुद्धा.

पण याच गांधीबागेच्या शेजारी आणखी एक नागपूर आहे, ते चेंडूचे. मेयो हॉस्पिटलजवळचा मोमिनपुरा हा विणकरांचा मोहल्ला, आणि फुटबॉलचाही. यंग मुस्लिम क्लब तिथलाच. कामठीची छावणी १८२१ सालची. त्या कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचे राहुल क्लब आणि बिडीपेठ क्लब, रेल्वे आणि पोलिसांचे संघ, ही नावे जिल्हा फुटबॉलच्या सामन्यांना जाणाऱ्यांना तोंडपाठ आहेत. मोतीबागेच्या रेल्वे मैदानावर चांगला सामना असला की कडेने गर्दी उभी राहते. हे खेळणारे बहुतेक हौशी. दिवसा कामधंदा, संध्याकाळी बूट. चेंडू दुसऱ्याला दिल्याशिवाय गोल होत नाही आणि देताना त्याची जात विचारता येत नाही. मैदानावर शिकलेली ही गोष्ट मुलाच्या अंगी राहते.

ज्यांच्याजवळ बूटही नव्हते त्यांच्यासाठी २००१ साली नागपुरातच एक काम सुरू झाले. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतली मुले भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. २०१६ साली फिफाने त्या संस्थेला विविधतेचा पुरस्कार दिला, आणि ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट त्याच कथेवरून आला. पाहिलेल्यांना आठवत असेल, त्यात मुलांचा खरा सामना पासपोर्टच्या कागदांशी होतो. पाय तयार असतात, कागद तयार नसतात.

या मुलांची परदेशवारी होते ती बेघरांच्या विश्वचषकासाठी. ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात सुरू झाली. लहानसे मैदान, एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. २००८ पासून मुलींचीही वेगळी स्पर्धा होते. त्यातला एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. एकदा विमानात बसलात, जग पाहिलेत, आता परत जाऊन आपले आयुष्य उभे करा, असा त्याचा अर्थ. दुसऱ्यांदा परदेशी जायचे ते हातातल्या कसबावर आणि शिक्षणावर.

आखातात जाणाऱ्या मुलाला हे आधी सांगायला हवे. तिथे मैदान मिळते. शुक्रवारी कामगारांचे सामने रंगतात. कतारमध्ये तर २०१३ पासून कंपन्यांच्या कामगार संघांची ‘वर्कर्स कप’ स्पर्धा सुरू झाली. नेपाळी, केनियन, घानाचे आणि आपले लोक एका संघात खेळले. अनोळखी मुलखात पहिली ओळख बहुधा अशीच होते. भाषा येत नसली तरी पास देता येतो. परंतु कप जिंकला म्हणून पगार वाढत नाही, आणि कंपनीच्या नावाचा शर्ट घातला म्हणून करार बदलत नाही. खेळताना पाय मोडला तर रजेचे पैसे मिळतील की नाही, हे करारात वाचूनच सही करावी.

म्हणून आईबापांनी चार गोष्टी पाहाव्यात. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला आखाती व इतर मिळून अठरा देशांसाठी लागणाऱ्या सरकारी मंजुरीची गरज राहत नाही. तेव्हा दहावी सोडू देऊ नका. एजंट सरकारी परवानाधारक आहे काय ते तपासा. त्याला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाखाची मागणी आली की पाऊल मागे घ्या. मंजुरी घेऊन जाणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचे संरक्षण. हे पैसे वाचवू नयेत.

आता एक नवी वाटही दिसते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. रुग्णसेवक, वीजतंत्री, वाहनचालक, सुतार अशी कामे त्यात आहेत. करार झाला म्हणजे नोकरी मिळाली असे होत नाही. जर्मन भाषा शिकावी लागते, आयटीआयचे किंवा नर्सिंगचे प्रमाणपत्र लागते. मात्र तिथे गेलेल्याला मैदान शोधत हिंडावे लागत नाही. जर्मनीत गावोगावी वर्गणीवर चालणारे क्रीडामंडळ असते. देशभरात फुटबॉलची सुमारे चोवीस हजार मंडळे आहेत. डॉक्टर आणि रंगारी एकाच संघात खेळतात. वर्गात शिकलेली भाषा तिथे बोलायला मिळते, कामाची बातमी कळते, घर कुठे स्वस्त आहे तेही कळते. तिथे नोकरीचे चार आठवडे भरले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत मालकाला पूर्ण पगार द्यावा लागतो. हक्काची अशी माहिती नवख्याला कचेरीपेक्षा मैदानावर लवकर मिळते.

गांधीबागेतल्या दुकानात थान उलगडणाऱ्या मुलाने हे सारे लक्षात घ्यावे. संध्याकाळी खेळायला गेला तर घरच्यांनी त्याला ‘वेळ घालवतोस’ म्हणू नये. मुलीने बूट मागितले तर तिलाही घेऊन द्यावेत. फक्त एका पिशवीत बूट आणि दुसऱ्या पिशवीत पुस्तके, अशा दोन पिशव्या घरातून निघाल्या पाहिजेत. परदेशातल्या पहिल्या महिन्यात बुटांमुळे माणसे भेटतील. पुढची वीस वर्षे मात्र पुस्तकांतल्या शिदोरीवरच काढायची आहेत.