आज्ञांकित रमाबाई

देवाची आज्ञा पाळायची म्हणजे पाळकांचे, वडीलधाऱ्यांचे, मंडळीच्या पंचांचे निमूट ऐकायचे, असे आपल्या ख्रिस्ती घरांतून सहज धरून चालतात. शास्त्र तसे सांगत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २१व्या अध्यायात बाप दोन मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक तोंडावर ‘नाही’ म्हणतो, मागाहून पस्तावतो आणि जातो. दुसरा तत्परतेने होकार देतो आणि मळ्याकडे फिरकतही नाही. बापाची इच्छा कोणी पाळली, एवढेच येशू विचारतो. पहिल्याच्या उद्धटपणाची तो दखलही घेत नाही. आज्ञापालनाची पारख बोलण्यातल्या नम्रतेवरून करू नये, रोजच्या कामावरून करावी, हे माझे म्हणणे. आणि त्याला पंडिता रमाबाईंइतका सबळ पुरावा मराठी ख्रिस्ती इतिहासात मला दुसरा दिसत नाही.

१८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाने रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिथल्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात नमते घेणारी शिष्या शोधून सापडत नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, आमच्या संस्कृतात काय कमी आहे? शाकाहार सोडला नाही तर विश्वासात कुठे उणे पडते? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशप हरकत का घेतात? एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असेही त्यांनी स्वच्छ कळवले. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. त्यांची काळजी अगदीच निराधार नव्हती. मंडळीची शिस्त झुगारणारा प्रत्येक जण स्वतःच्या लहरीलाच देवाचा आवाज म्हणू शकतो. पण लहर माणसाला सुखाकडे नेते. रमाबाई पोहोचल्या केडगावला. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या. त्यांना न्हाऊ-जेवू घालणे, अक्षर शिकवणे, शेतात आणि छापखान्यात कामाला लावणे, हे मग वर्षानुवर्षांचे काम झाले. हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम तर १९२२ साली मृत्यू येईपर्यंत चालू होते. छपाईचे खिळे जुळवायला केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच बायका होत्या. वाँटेजला ‘नाही’ म्हणणारी बाई मळ्यात गेली ती अशी.

तारण विश्वासाने होते, कामाने नव्हे. मग कामाचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. खुद्द रमाबाईंनीच याचे उत्तर दिले आहे. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्त सापडला, तोवर केवळ ख्रिस्ती धर्म मिळाला होता, अशी साक्ष त्यांनी लिहून ठेवली. केडगावचे काम या अनुभवानंतरचे. तारण कमवायला म्हणून ते सुरू झाले नव्हते. रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातले अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचे वचनही पुढे केले जाते. पण प्रेषितांची कृत्ये, ५:२९ त्याला मर्यादा घालते. तिथे पेत्र न्यायसभेसमोर उभा राहून माणसांपेक्षा देवाचे ऐकणे भाग आहे असे सांगतो, आणि ती सभा धर्मपुढाऱ्यांचीच होती.

खरा अडचणीचा आक्षेप निराळाच आहे. स्वतःच्या विवेकासाठी भांडलेल्या रमाबाईंनी, केडगावच्या आधी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुलींच्या विवेकाचे काय केले? खोलीचे दार उघडे ठेवून त्या प्रार्थना करीत; मुली येऊन बसत. याच प्रकरणावरून १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उघडे दार म्हणजे जबरदस्ती नव्हे, आणि रमाबाईंनी प्रार्थना लपून करावी असा कोणी आग्रह धरणेही गैरच होते. तरी जिचे अन्न, वस्त्र, छप्पर सारेच बाईंच्या हाती, त्या बालविधवेला त्या दारावरून सरळ पुढे निघून जाणे किती सोपे असेल? जेराल्डीनबाईंना रमाबाईंनी जे प्रश्न केले, ते रमाबाईंना करण्याचा हक्क त्या मुलींनाही होता. रानडे-भांडारकरांची तक्रार तेवढ्यापुरती मला रास्त वाटते.