यंत्राची ऐकीव साक्ष

मनुष्य एक वेळ खोटें बोलेल, पण यंत्र बोलणार नाहीं, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दृढ होऊन बसला आहे. संगणकाची प्रकृति तपासणारे जे प्रोग्रॅम मिळतात, त्यांच्या अहवालावर तर लोक वैद्याच्या निदानाहूनही अधिक विश्वास ठेवतात. अंश, टक्के आणि वर हिरवा रंग असल्यावर शंका घ्यावयाची कोणीं?

आमच्या इंदापूरच्या काकांनीं चार वर्षें खपून घराण्यांतील जुनीं पत्रें आणि कै. आजीच्या हातचीं स्तोत्रांचीं पानें यांचीं छायाचित्रें संगणकांत सांठविलीं होतीं. मूळ कागद वाळवीनें पुढें फारसे उरूं दिले नाहींत. दुसरी प्रत करून बारामतीच्या घरीं ठेवावी, असें काकू वारंवार सुचवीत. पण काका दर महिन्यास तपासणी करीत, आणि प्रोग्रॅम दर वेळीं डिस्कची प्रकृति ‘उत्तम’ सांगे. एके सकाळीं डिस्क टकटक वाजूं लागली आणि संध्याकाळपर्यंत मुकी झाली. शेवटचा अहवाल तीनच दिवसांपूर्वींचा होता, तोही ‘उत्तम’. पुतण्यानें पूर्वीं सहज नकलून नेलेलीं चाळीस पानें तेवढीं वांचलीं. काकू त्यावर एक शब्दही बोलल्या नाहींत, आणि काकांस तेंच अधिक लागलें.

वस्तुतः प्रोग्रॅमला डोळे नसतात. तो एकेका भागास त्याचेंच वर्तमान विचारतो आणि तो सांगेल तें उतरून घेतो. न्यायालयांत ऐकीव साक्षीची जी किंमत, तीच या अहवालाची. मदरबोर्डवरील चिपमध्यें कारखानदारानें यंत्राची माहिती भरावयाची असते. कित्येकदां ती भरलीच जात नाहीं. मग ‘ही माहिती उत्पादकानें भरावी’ ही कोऱ्या रकान्यांतील सूचनाच प्रोग्रॅम यंत्राचें नांव म्हणून वाचून दाखवितो. जेथें उष्णतामापक जोडलेलाच नसतो, तेथून १२७ किंवा उणे १२८ अंश असे आंकडे येतात. ते उष्णतेचे नव्हेत. आठ बिटांच्या मोजणीचीं तीं दोन टोंकें होत. बनावट पेनड्राइव्ह तर पोट आठ गिगाबाइटांचें असतां एक टेराबाइट सांगतो, आणि संगणक तें मुकाट्यानें मानतो.

डिस्कसंबंधीं गूगलमधील पिन्हेरो, वेबर व बरोसो या तिघां संशोधकांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकीं ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनीं, धोक्याच्या चार प्रमुख खुणांपैकीं एकही आधीं दाखविली नव्हती. उलट, तपासणींत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट होता. म्हणजे डिस्कनें ‘मी आजारी आहें’ म्हटलें तर तत्काळ विश्वास ठेवावा. ‘मी ठणठणीत आहें’ म्हटलें तर त्यावर निश्चिंत होऊन झोंपूं नये.

आंकडा कोठून आला आणि त्याचें शून्य कोठें धरलें आहे, हें विचारण्याची संवय इंदापूरकरांस तरी नवी नाहीं. कडक उन्हाळ्यांत उजनीचा सांठा ‘उणे’ टक्क्यांत सांगतात. परक्यास वाटावें, धरणांत थेंबही उरला नाहीं. पण शून्य धरलें जातें तें मृतसांठ्याच्या माथ्यावर, आणि त्याखालीं सुमारें ६३ टीएमसी पाणी सांपडतें. त्यांतूनही किती उपसलें गेलें, हें ‘उणे’ सांगतें. आंकडा खोटा नसतो. वाचणाऱ्यास मोजणीची रीत ठाऊक असावी लागते. शिवाय पळसदेवचें जुनें देऊळ पाण्याबाहेर आलें, कीं नदीकांठचा माणूस स्वतःच्या डोळ्यांनीं स्थिति ओळखतो.

संगणकाच्या बाबतींत असें डोळ्यांनीं पाहाणें म्हणजे दुसरी प्रत. ती निराळ्या डिस्कवर असावी, शक्य तर निराळ्या गांवीं असावी, आणि सणासुदीस चार माणसें जमलीं म्हणजे उघडून वाचावी. अहवाल खुशाल काढावा. पण घरांतील वडीलधाऱ्यांचें अक्षर ज्यावर अवलंबून आहे, त्या वस्तूची खुशाली तिच्या एकटीच्याच तोंडून ऐकूं नये.