निजाम सर्किटमधली टॉकीज

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. सिनेमावाल्यांच्या वहीत मात्र मराठवाड्यातलं आमचं उदगीर पुढंही निजामातच राहिलं. हिंदी चित्रपटांच्या वितरणाचे जे इलाखे पडले होते, त्यात तेलंगण, मराठवाडा आणि बीदर-गुलबर्ग्याचा पट्टा मिळून ‘निजाम’ सर्किट व्हायचं. सौदे हैदराबादेत ठरायचे. त्यामुळं आमच्या टॉकीजला रिळांचे पत्र्याचे डबे यायचे तेही हैदराबादकडूनच.

डबे उतरले की सायकलरिक्षावर भोंगा लागायचा, दोन्ही बाजूंनी पोस्टरं बांधलेली. तीन तासांचा सिनेमा म्हणजे हजार फुटांची सोळा-सतरा रिळं, जवळपास पाच किलोमीटर लांबीची फीत. ऑपरेटरजवळ दोन मशिनी असत. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती बारीकसा ठिपका चमकायचा, तेवढ्या खुणेवर त्यानं दुसरी सुरू करायची. उजेड कार्बनच्या दोन कांड्यांचा. त्या झिजून त्यांच्यातलं अंतर वाढलं की पडदा काळवंडायचा आणि पुढच्या बाकड्यांवरून शिट्ट्या सुरू व्हायच्या. त्या अंधाऱ्या, उकडणाऱ्या खोलीत बसून हे सांभाळणारा माणूस मला तेव्हाही हिरोपेक्षा मोठा वाटायचा, आजही वाटतो.

आणि माणसं तरी किती तऱ्हेची! बाजाराच्या दिवशी देवणीकडून जनावरं घेऊन आलेले शेतकरी, भालकी-औरादहून सीमा ओलांडून आलेली पोरं, किल्ल्याकडच्या मोहल्ल्यातली कुटुंबं. इंटरव्हलला चहाच्या टपरीवर मराठी, दखनी आणि कन्नड एकाच घोटात ऐकू यायची. १९७५ साली ‘शोले’ आला, ‘जय संतोषी माँ’ही आला. संतोषी माँला बायका चपला बाहेर काढून आत जायच्या. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला खेड्यांतून बैलगाड्या भरून माणसं आली. लेकीबाळींना घराबाहेर पडून तीन तास मोकळेपणानं रडायला मिळावं, अशी दुसरी जागा तेव्हा गावात नव्हती.

ओहोटीची कारणं सगळीकडं सारखीच. व्हिडिओ आला, जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू होऊन रविवारची सकाळ गेली, मग केबल आली. मला वाटतं, खरा घाव जागेच्या भावानं घातला. गावाच्या मधोमध असणं हेच टॉकीजचं बळ होतं, पुढं तेच मुळावर आलं. एका खेळाच्या गल्ल्यापेक्षा तेवढ्या जमिनीवरच्या गाळ्यांचं भाडं जास्त भरू लागलं. मार्च २०२० मध्ये सगळीच थेटरं बंद झाली, तोवर आमच्याकडं बंद व्हायला फारसं उरलं नव्हतं.

डिसेंबर २०१९ मध्ये ‘पानिपत’ आला. त्याची सुरुवातच १७६० च्या उदगीरच्या लढाईनं होते. आपल्या गावाचं नाव पडद्यावर ऐकायला मला लातूर गाठावं लागलं, ही गोष्ट मनातून जात नाही. आज हैदराबादचा सिनेमा उदगीरला पूर्वीपेक्षा जास्त येतो. तेलुगू चित्रपट हिंदीत बोलत मोबाइलवर उतरतात. भालकीचा पोरगा भालकीत बघतो, मोहल्ल्यातला मोहल्ल्यात. एकमेकांशेजारी बसून कुणी बघत नाही.

एकत्र बसायची हौस मात्र गेलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये पंचाण्णवावं मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं. उन्हाळ्याच्या त्या तलखीत माणसं तीन दिवस मांडवाखाली बसली होती. ती गर्दी बघितल्यापासून मला वाटतं, दीडशे खुर्च्यांचं एखादं थेटर गावात आजही चालेल. आता कार्बन लागत नाही, डब्यांची वाट बघावी लागत नाही. तिकीट तेवढं बाजाराला आलेल्या माणसाला परवडेल असं ठेवायला हवं, आणि बायकांना संध्याकाळी वेळेवर घरी पोचता येईल असा एक खेळ दुपारी तीनचा हवा.