शिष्यवृत्ती मिळाली, पण बँकेचं खातं?



एनएमएमएसचा निकाल लागला की आपण शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने मुलांची नावं लिहितो, पेढे वाटतो, फोटो काढतो. आठवीत ही परीक्षा पास झालेल्या मुलाला नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. ज्या घरात मजुरीवर चूल पेटते, तिथे एवढ्या पैशावर मुलीचं शिक्षण चालू राहायचं की थांबायचं हे ठरू शकतं. पण निकाल आणि पैसे यांच्यामध्ये एक बँक असते. त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही, म्हणून आज लिहिते आहे.

माझ्या वर्गातली एक मुलगी पास झाली. वडील पुण्याला सेंटरिंगच्या कामावर, आई गावात शेतमजुरी करते. खातं उघडायला मायलेकी बँकेत गेल्या. काउंटरवरून उत्तर आलं, "मावशी, मुलीच्या वडिलांना घेऊन या." वडील आले असते तर त्यांचा रोज बुडाला असता, वर येण्याजाण्याचं भाडं. आई मला म्हणाली, "बाई, राहू द्या. आमच्या नशिबात नसंल."

दुसऱ्या खेपेला मी सोबत गेले. आईला पालक म्हणून ठेवून मुलाचं खातं उघडायला रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच परवानगी दिली आहे. इतकंच नाही, तर दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून ते चालवू देण्याची मोकळीक २०१४ पासून बँकांना आहे. २०२५ मध्ये याच सूचना नव्याने काढल्या. अशा खात्याला मर्यादा काय घालायच्या, हे मात्र प्रत्येक बँक ठरवते. मी हे शांतपणे सांगितलं. साहेबांनी आत जाऊन विचारलं आणि फॉर्म दिला. आईकडे पॅनकार्ड नव्हतं, त्याऐवजी फॉर्म ६० भरला.

तरी काम अडलंच! शाळेच्या जनरल रजिस्टरला वडिलांचं नाव 'बाळासाहेब' आणि मुलीच्या आधारवर 'बाळू'. आपल्याकडे बाळू, बाळासाहेब, बाळकृष्ण हा एकच माणूस असतो हे साऱ्या गावाला ठाऊक, पण संगणकाला कोण सांगणार? मग मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला घेऊन आधार केंद्र, तिथली रांग, दुरुस्ती होईपर्यंत थांबणं, आणि पुन्हा बँक. इथे एक लक्षात ठेवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून दुरुस्तीचा अर्ज भरताना स्पेलिंग दोघांनी वाचावं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही तपासावं.

आईच्या एकूण चार फेऱ्या झाल्या. तीनशे रुपये रोजाने बाराशे रुपयांची मजुरी बुडाली. म्हणजे पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा दहावा हिस्सा पैसे मिळण्याआधीच गेला. हा हिशोब कुठल्याच फॉर्मवर नसतो.

खातं उघडलं की संपलं असंही नाही. पालकांचा नेहमी घोटाळा होतो तो इथे. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि शिष्यवृत्तीसाठी आधार त्या खात्याला सीड होणं वेगळं. आधारवर येणारे पैसे ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं असेल, तिथेच जातात. मुलाची दोन खाती असतील तर पैसे भलत्याच पासबुकात दिसतात आणि आपण म्हणतो 'आलेच नाहीत'. म्हणून "आमचं खातं डीबीटीसाठी सीड झालंय का?" असं स्पष्ट विचारायचं.

आता डेबिट कार्ड. मुलीला सांगितलं गेलं, "अठरा पूर्ण झाल्यावर या." लहान मुलांना कार्ड द्यायचं की नाही, हे बँकेच्या धोरणावर असतं, त्यामुळे तिथे भांडून उपयोग नव्हता. आम्ही आईच्या खात्याचं विचारलं. तिचं खातं जनधनचं, झिरो बॅलन्सचं. अशा मूलभूत बचत खात्यावर एटीएम कार्ड फुकट मिळतं, पण तिने कधी मागितलंच नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. अर्ज दिला. कार्ड आल्यावर मुलीनेच आईला बजावलं, "पिन पाकिटावर लिहायचा नाही, आणि कुणी फोनवर विचारला तर फोन ठेवायचा."

काही शिक्षक म्हणतील, आधीच अशैक्षणिक कामांचा ढीग, त्यात हे कशाला? तक्रार खरी आहे. बँकेचं काम बँकेनेच करायला हवं. पण मुलाचं नाव पहिल्यांदा अधिकृतपणे बहुतेक वेळा आपल्याच रजिस्टरला चढतं. तिथला एक काना-मात्रा पुढे बँकेच्या काउंटरपर्यंत जातो. तेवढा भाग तरी आपला आहे.

म्हणून माझी विनंती. आठवीच्या वर्गात जूनमध्येच रजिस्टर, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. पैसे काढायची स्लिप वर्गात भरून घ्या. 'अक्षरी रुपये' लिहिताना मुलं किती अडखळतात ते दिसेल, आणि गणित व मराठी दोन्हींचा तास होईल. पालकांनो, बँकेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आणि जुनं शिष्यवृत्तीचं खातं 'बंद पडलंय' असं कुणी म्हणालं, तर घाबरू नका. शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं झिरो बॅलन्स खातं दोन वर्षं व्यवहार झाला नाही म्हणून निष्क्रिय धरायचं नाही, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

परीक्षा मुलांनी दिली आणि ती पासही झाली. कागदांची परीक्षा मोठ्यांची आहे, तिचा अभ्यास आपण निकालाच्या आधीच करून ठेवू या.