आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा कायद्याच्या महाविद्यालयांत शिकतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तो घरीं आला, तेव्हां आम्हीं सहज त्याचा अभ्यासक्रम पाहावयास मागितला. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास ही खोड असतेच; कोणाच्याहि घरीं गेलों तरी मुलांचीं पुस्तकें चाळल्यावांचून आमचा हात स्वस्थ बसत नाहीं. करार, मालमत्ता, फौजदारी, संविधान, कर अशा विषयांच्या रांगेंत एका कोपऱ्यास ‘व्यावसायिक नीति’ असें एक नांव दिसलें, आणि आम्हांस मनापासून बरें वाटलें. “हा विषय कसा काय शिकवितात रे?” म्हणून विचारलें. तो हंसून म्हणाला, “मोठेकाका, तो फार सोपा पेपर. आदल्या रात्रीं नियम पाठ केले कीं मार्क पडतात.”

आम्हांस राग आला हें कबूल केलें पाहिजे. ज्याच्या हातीं उद्यां लोकांचीं घरें, जमिनी, अब्रू आणि प्रसंगीं प्राणहि सोंपवावयाचे, त्यानें नीति आदल्या रात्रीं पाठ करावी! आम्हीं त्याला समोर बसविलें आणि रामशास्त्री प्रभुण्यांची कथा सांगितली. इ. स. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या पातकाबद्दल खुद्द राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगणारा, आणि पुढें पुण्याचें न्यायासन सोडून चालता होणारा तो पुरुष! ही कथा आम्ही पस्तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. त्या दिवशीं ती जरा अधिकच रंगली. मुलानें मान खालीं घालून ती ऐकली व कांहीं उत्तर दिलें नाहीं.

तो परत गेल्यावर मात्र मनांत आलें, कीं दुसरी बाजू न ऐकतां निवाडा करणें हाहि एक अन्यायच. म्हणून त्यानें मागें ठेवलेलें तें पुस्तक आम्हीं स्वतः वाचून काढलें. १९६१ सालच्या अधिवक्ता अधिनियमानें बार कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था निर्माण झाली. तिनें वकिलांच्या वर्तनाचे नियम घालून दिले, आणि २००८ सालच्या शिक्षणविषयक नियमांनीं हा विषय कायद्याच्या अभ्यासक्रमांत सक्तीचा केला. नियम खरोखर चांगले आहेत. आरोपी दोषी असावा असें स्वतःस वाटलें तरी त्याचा बचाव वकिलानें करावा. सरकारपक्षाच्या वकिलानें खटला असा चालवावा कीं निरपराध्यास शिक्षा होऊं नये, आणि आरोपीच्या उपयोगीं पडणारा पुरावा दडपूं नये. दाव्यांतून जें मिळेल त्यांत वांटा ठरवून फी घेऊं नये. आपला पक्षकार लबाडीचा मार्ग धरूं लागला तर त्यास आवरावें, आणि तो ऐकत नसेल तर त्याचें काम सोडावें. गरिबास शक्तीप्रमाणें विनामूल्य साहाय्य करावें.

यांतील पहिला नियम वाचून दाखविला तेव्हां आमच्या मंडळींनीं विचारलें, “चोर आहे असें वाटत असूनहि त्याची बाजू मांडायची, ही कसली नीति?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असें, कीं चोर कोण हें ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशाचा. तो वकिलानेंच आपल्या बैठकींत बळकावला, तर सारा गांव ज्याच्या विरुद्ध आहे अशा माणसाच्या बाजूनें बोलावयास जगांत कोणीच उरणार नाहीं.

असे नियम पाळून वकिली चालते काय, ही शंका जुनी आहे. गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत दक्षिण आफ्रिकेंतील एक प्रसंग सांगितला आहे. हिशेबाच्या एका मोठ्या दाव्यांत पंचांचा निवाडा त्यांच्या पक्षकारासारखा झाला होता. परंतु एक रक्कम नांवें पडावयाची ती जमेस पडली होती. प्रतिपक्षाची हरकत होती ती दुसऱ्याच कारणांसाठीं. ज्येष्ठ वकिलांचें मत, आपण होऊन चूक कबूल करूं नये. गांधीजींनीं पक्षकाराचें मन वळविलें आणि स्वतः कोर्टापुढें उभे राहून चूक सांगितली. न्यायाधीशांस आधीं लबाडीचाच संशय आला. पण शेवटीं चूक दुरुस्त होऊन बाकीचा निवाडा कायम झाला. त्या ज्येष्ठ वकिलांस नियम ठाऊक नव्हते असें कोण म्हणेल? दोघांमधील अंतर पाठांतराचें नव्हतें.

येथें आमचें संस्कृत थोडें उपयोगीं पडलें. ‘नीति’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणें या धातूपासून झाला. ‘न्याय’ शब्द पाणिनीनें ‘नि’ उपसर्ग लागलेल्या ‘इ’ म्हणजे जाणें या धातूपासून साधला आहे, आणि अर्थ दिला आहे ‘अभ्रेष’, म्हणजे उचित मार्गावरून न ढळणें. वाट दाखविते ती नीति. त्या वाटेनें न ढळतां जाणें तो न्याय. पेपरांत वाट विचारतां येते. चालणें विचारतां येत नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. कर्ज, ठेव, साक्षी, वांटणी, दंड हा सारा आपण ज्यास कायदा म्हणतों तो भाग व्यवहाराध्यायांत येतो, आणि तो मधला अध्याय आहे. त्याच्या आधीं माणसानें कसें वागावें तें सांगितलें आहे. त्याच्या नंतर, चुकल्यावर काय करावें तें. लोभानें, भयानें किंवा स्नेहानें खोटा निवाडा देणाऱ्या सभासदांस दाव्याच्या दंडाच्या दुप्पट दंड करावा, असेंहि याज्ञवल्क्य सांगतो. या सबंध ग्रंथावर विज्ञानेश्वरानें मिताक्षरा टीका लिहिली. परंतु १८१० सालीं कोलब्रुकसाहेबांनीं इंग्रजींत आणला तो तिच्यांतील वारसाहक्काचा भाग तेवढा, आणि इंग्रजी अमदानींतील कोर्टांत ‘मिताक्षरा’ म्हणून मुख्यतः तोच वाजला. कोर्टास तेवढेंच हवें होतें. परंतु आमचीहि समजूत अशी झाली, कीं शास्त्र म्हणजे वांटणीचें शास्त्र. पहिला आणि तिसरा अध्याय कपाटांतच राहिले.

तथापि जुन्याचा अभिमान धरतांना डोळे झांकूं नयेत. त्याच ग्रंथांत एकाच अपराधास वर्ण पाहून कमीअधिक दंड सांगितला आहे, आणि आमच्यासारख्यांचे पूर्वज त्या तराजूच्या सोयीच्या पारड्यांत बसलेले होते. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या संविधानानें तो तराजू मोडला आणि कायद्यापुढें सर्वांस समान केलें. त्या संविधानाचे प्रमुख शिल्पकार डॉ. आंबेडकर हे १९३५ ते १९३८ या काळांत मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत त्यांनीं बजावलें, कीं संविधानास जी नीति लागते ती उपजत नसते, ती प्रयत्नानें अंगीं बाणवावी लागते. कायद्याच्या प्रत्येक शिक्षकानें हें ध्यानांत ठेवावें.

येथवर विचार करून आम्ही स्वतःवर बरेच प्रसन्न होतों. दिवाळीस पुतण्या पुन्हा घरीं आला. या खेपेस तो जरा गंभीर दिसला. कायद्याच्या महाविद्यालयांनीं विधिसाहाय्य केंद्र चालवावें असा नियम आहे. त्याच्या महाविद्यालयाच्या केंद्राकडून कांहीं विद्यार्थी एका खेड्यांत जाऊन बसले होते. तेथें एक वृद्ध बाई प्लास्टिकच्या पिशवींत घडी घातलेला कागद घेऊन आली. “बाळा, यांत काय लिहिलं आहे तेवढं वाच,” म्हणाली. भावानें सही घेतली होती. सातबाऱ्यावर नांव लावण्याचा कागद आहे अशी तिची समजूत होती. तें होतें हक्कसोडपत्र. यानें तें वाचून दाखविलें. बाई कांहीं बोलली नाहीं; तिनें कागदाची पुन्हा घडी घातली आणि ती उठून गेली.

“मोठेकाका,” तो म्हणाला, “करार कायद्याचें चौदावें कलम मीं परीक्षेंत तीनदां लिहिलें आहे. संमति स्वतंत्र असली पाहिजे. तें मला त्या दिवशीं समजलें.” मग थोडा वेळ थांबून त्यानें विचारलें, “आपल्या आत्यानें सही केली, तेव्हां तिला कागद कोणीं वाचून दाखविला होता?”

आमचे वडील १९९८ सालीं वारले. मातोश्री आधींच गेल्या होत्या. घर वडिलांनीं स्वकष्टानें बांधलेलें, तेव्हां १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें आम्ही दोघे भाऊ आणि बहीण, तिघांचा भाग सारखा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क सर्व देशांत मिळाला तो पुढें २००५ च्या दुरुस्तीनें. पण आमच्या घरापुरता बहिणीचा तिसरा हिस्सा त्या वेळींहि निर्विवाद होता. ‘बहिणी सोडूनच देतात’ असें सर्वच म्हणाले. आम्हीहि म्हणालों. वकिलांनीं मसुदा केला. दुय्यम निबंधकांच्या कचेरींत वकिलांच्या कारकुनानें सहीच्या जागीं पेन्सिलीनें फुल्या करून ठेवल्या होत्या. “ताई, राजीखुशीनें ना?” असें तिला विचारण्यांत आलें. तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हालविली. तिनें फुल्यांवर सह्या केल्या. बाहेर येऊन तिला चहा दिला, पुढें एक साडी घेतली. दस्त नोंदलेला, साक्षीदार हजर, सर्व कांहीं यथासांग. कागद मात्र तिला कोणीं वाचून दाखविला नाहीं. वकिलांनीं नाहीं, बंधूंनीं नाहीं, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांस वाचावयास शिकविणाऱ्या आम्हींहि नाहीं.

राघोबा दुसरा कोणी असला म्हणजे रामशास्त्री होणें सोपें असतें.

भाऊबीजेस आम्ही दस्ताची नक्कल खिशांत घालून बहिणीकडे गेलों. ओंवाळणें झालें, फराळ झाला. मग आम्हीं चष्मा लावला आणि तो कागद पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखविला. सदर मिळकतींत आपला कोणत्याहि प्रकारचा हक्क वा संबंध राहिलेला नाहीं, या वाक्यापाशीं तिनें हात वर करून आम्हांस थांबविलें. “कोणत्याहि प्रकारचा नाहीं? माहेरपणाचाहि?” असें तिनें हंसतच विचारलें, पण आम्हांस पुढची ओळ दिसेना. थोड्या वेळानें ती म्हणाली, “दादा, भाग मला तेव्हांहि नको होता. पण तूं वाचून दाखवशील असं वाटलं होतं. शाळेंत तूं सगळ्यांना वाचून दाखवत होतास ना!”

आम्हीं व बंधूंनीं विचार करून तिचा तिसरा हिस्सा बक्षीसपत्रानें तिला परत द्यावयाचें ठरविलें आहे. ती अजून हो म्हणालेली नाहीं. “विचार करून सांगतें,” म्हणाली. या खेपेस मसुदा तिच्यापाशींच राहणार आहे, आणि तो हव्या त्या वकिलास दाखविण्याची तिला मोकळीक आहे. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणें स्त्रियांस, त्यांचें उत्पन्न कितीहि असो, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळतें. तालुक्याच्या विधिसेवा समितीचें कार्यालय कोठें आहे तें पुतण्यानें तिला स्वतःच्या हातानें लिहून दिलें. प्रतिपक्ष म्हणजे आम्हीच. परंतु तें पाहून आम्हांस जो आनंद झाला तो रामशास्त्र्यांची कथा सांगतांना कधीं झाला नव्हता.

आतां त्या सोप्या पेपराविषयीं आमचें मत असें आहे. तो असावा; नियम ठाऊक असलेच पाहिजेत. परंतु नीति तेवढ्या एका पेपरांत कोंडूं नये. संमतीचें कलम शिकवितांना ज्यास अक्षरओळख नाहीं अशा माणसासमोर विद्यार्थ्यास एकदां तरी बसवावें. मसुदा करावयास शिकवितांना तो कायदा न जाणणाऱ्या माणसास वाचून दाखवावा, आणि त्यास काय समजलें तें त्याच्याच तोंडून ऐकावें. ज्याला तें समजलें नाहीं त्याची सही घेऊं नये, एवढें जरी प्रत्येक तरुण वकिलाच्या अंगवळणीं पडलें, तरी पुष्कळ अन्याय कचेरीच्या पायरीवरच थांबेल.

बाकीचा भार महाविद्यालयांवर ढकलून चालणार नाहीं. आचाराचा अध्याय घरांत शिकवावयाचा असतो, आणि मुलें तो आपल्या कथांवरून शिकत नाहींत, कपाटांतील आपल्या कागदांवरून शिकतात. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असा एखादा दस्त असेल. तो काढावा, आणि जिची सही त्यावर आहे तिला सावकाश वाचून दाखवावा. प्रायश्चित्ताची सुरुवात तेथून होते.