बॉनमधली अंधेरी

जर्मनीतल्या बॉन शहरात 'अंधेरी-हिल्फे' नावाची एक मदतसंस्था आहे. हे नाव तिथे गेलं आपल्या मुंबईतल्या अंधेरीच्या सेंट कॅथरीन्स होम या बालगृहातून. सिस्टर ॲना हुबेर्टा यांनी तिथे सांभाळलेल्या मुलांची हकिगत रोझी गोलमान या बॉनमधल्या धर्मशिक्षिकेच्या वाचनात आली. त्यांनी मदत जमवायला सुरुवात केली, पुढे त्या स्वतः अंधेरीला येऊन गेल्या आणि १९६७मध्ये संस्था रीतसर उभी राहिली. त्यांची ती भेट मला महत्त्वाची वाटते, कारण मुलांना डोळे भरून पाहून ती संपली नाही. ही मुलं इथवर येतात कशामुळे, या प्रश्नाचा माग काढत संस्थेचं काम खेड्यापाड्यांतल्या दारिद्र्यापर्यंत आणि बांगलादेशातल्या अंधत्वनिवारणापर्यंत गेलं. परदेशातून मदत करणाऱ्याने जाऊन पाहायचं ते हे मूळ.

आज अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, बालगृहाची भेट बहुधा वाढदिवसाला ठरते. सतरंजीवर मुलं ओळीने बसतात, पाठ केलेलं स्वागतगीत म्हणतात, केक कापला जातो, खाऊची पाकिटं हातोहात फिरतात आणि शेवटी फोटो. देणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण मुलाच्या बाजूने पाहिलं, तर दर महिन्याला नवी माणसं लळा लावतात आणि संध्याकाळी निघून जातात. शेवटच्या त्या फोटोचं म्हणाल, तर मुलाची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे. बालगृह हा शेवटचा पर्याय, हेही त्याच कायद्याचं तत्त्व. ते खरं मानलं तर मदतीचा पहिला हप्ता मुलाच्या घराकडे जायला हवा. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना नेमकं हेच करते. मूल आईजवळ किंवा नातेवाइकांकडेच राहावं, म्हणून ती दरमहा पैसे देते.

यावर कुणी म्हणेल, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खिशात हात जात नाही. शिवाय बाहेरचं कुणी फिरकलंच नाही, तर बंद दारांआड काय चालतं ते कळणार कसं? दोन्ही आक्षेप रास्त आहेत. म्हणूनच भेट बंद करा, असं मी म्हणत नाही. संस्थेची हिशेबाची वही पाहा, किती मुलांमागे एक सांभाळणारी ताई आहे ते विचारा, वर्षभरात किती मुलं घरी परतली आणि परतल्यावर त्यांची विचारपूस कोण करतं, हेही विचारा. देखरेखीसाठी तर असेच पाहुणे हवेत. केक कापून निघणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. ज्यांना खरोखरच कुणी नाही, त्यांना बालगृह लागेलच. त्यांनाही गरज आहे ती वर्षानुवर्षं टिकणाऱ्या माणसांची, आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर राहायला खोली व हाताला काम मिळेपर्यंत सोबत करणाऱ्यांची. तेवढी सोबत करायची तयारी नसेल, तर देणगी पाठवावी आणि मुलांची संध्याकाळ त्यांच्या खेळाला सोडावी.