खरी पुस्तके, खोटी पुस्तके

पुस्तकांची यादी करून द्या, अशी मागणी मजकडे दरवर्षी येते आणि दरवर्षी मी ती मोठ्या उत्साहाने पुरी करतो. तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसास ह्याहून स्वस्त मोठेपणा कोठे मिळणार? सुटी जवळ आली की चारदोन विद्यार्थी येतात, एखादे स्नेही आपल्या मुलीसाठी विचारतात. मी चष्मा पुसतो, कागद पुढे ओढतो आणि मधोमध एक उभी रेघ मारतो. रेघेच्या डाव्या अंगास कथाकादंबऱ्या, उजव्या अंगास चरित्रे, इतिहास, प्रवास आणि शास्त्रविषयक ग्रंथ. वीसपंचवीस नावे झाली की कागद त्यांच्या हाती देतो. त्यांपैकी किती पुस्तके पुढे वाचली गेली ह्याची चौकशी मी कधी केली नाही. केली असती तर माझा उत्साह इतकी वर्षे टिकता ना.

ती उभी रेघ अलीकडे माझ्या हातून सरळ येत नाही. ह्याचे श्रेय माझ्या थोरल्या बहिणीकडे जाते.

आक्का मजहून नऊ वर्षांनी मोठी. सातवीत ती शाळेत पहिली आली. परंतु पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि त्याच पावसाळ्यात आईने अंथरूण धरले. घरात मी चार वर्षांचा. कोणी कोणास काही सांगितले नाही, कोणी काही विचारलेही नाही. जूनमध्ये आक्का शाळेत गेली नाही, इतकेच. चुलीपुढे पसरलेल्या राखेत बोट फिरवून मला पहिली अक्षरे तिनेच शिकविली. आई गेल्यावर, पंचविसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. तोवर मी शिकण्यासाठी शहरात आलो होतो. पुढे यजमान वारले, मुले परगावी गेली, तेव्हा तिने माहेरचे बंद पडलेले घर उघडले आणि ती तेथे राहू लागली. तिच्यापाशी दूरध्वनी आहे. तथापि महत्त्वाचे काही असले म्हणजे ती कार्डच लिहिते. दोन वर्षांमागे असेच तिचे एक कार्ड आले. त्यात मजकूर एवढाच होता: "दहाबारा पुस्तके पाठव. खरी पाठव, खोटीही पाठव. पण वाचून झाल्यावर काही कळले असे वाटले पाहिजे."

खरी म्हणजे घडलेले सांगणारी आणि खोटी म्हणजे रचलेली, हा तिचा लहानपणापासूनचा हिशेब. मला हसू आले. मी बाजारात गेलो आणि अर्ध्या तासात गठ्ठा बांधून घेतला: संतांच्या सुबोध गोष्टी, घरगुती औषधांचे एक पुस्तक, दोन हलक्याफुलक्या कादंबऱ्या, तीर्थयात्रेचे एक सचित्र वर्णन. साठी उलटलेल्या, सातवी शिकलेल्या बाईस झेपेल असे सर्व काही. तीन आठवड्यांनी तो गठ्ठा जसाच्या तसा परत आला. वर चिठ्ठी होती: "ह्यातले तू कोणते वाचले आहेस?"

मी एकही वाचले नव्हते.

त्या रात्री मला फार वेळ झोप आली नाही. जिने मला वाचावयास शिकविले तिच्यासाठी मी, स्वतः हाती धरणार नाही अशी पुस्तके निवडली होती आणि ती निवडताना मला आपण मोठे समंजस आहोत असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या कपाटापुढे बसलो. मी निदान दोनदा वाचले आहे तेच पाठवावयाचे, एवढाच नियम केला. नियम सोपा होता. पण त्याने माझ्या नेहमीच्या यादीतली निम्मी नावे गळाली, हे येथे कबूल करावे लागेल.

पहिले गेले ते विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. वरसईचा हा गरीब भिक्षुक चार पैसे मिळतील ह्या आशेने १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो आत होता, शहराची कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली, वाटेत पुन्हापुन्हा लुटला गेला. आक्काने लिहिले, "पैसा आणायला गेला नि आणले काय, तर कावडीतून गंगेचे पाणी! पण माणूस खोटे बोलत नाही. भ्यालो तिथे भ्यालो म्हणतो." मी उलट पत्री तिला ह्या पुस्तकाची हकीकत कळविली. ते प्रथम १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी भटजींच्या लिखाणावर बराच हात फिरविला होता. मूळ लिखाण जसेच्या तसे लोकांपुढे आले ते १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी छापले तेव्हा. ह्यावर तिचा प्रश्न आला: "मग मधली साठ वर्षे लोकांनी वाचले ते खरे की खोटे?" पाठभेदांवर मी वर्गात तासच्या तास बोललो आहे, पण ह्या प्रश्नाला कार्डावर मावेल असे उत्तर मला सुचले नाही.

नंतर मी मुद्दाम एक जोडी पाठविली. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमाने प्रसिद्ध झाली. यमूने आपली कर्मकथा स्वतः सांगावी अशी तिची मांडणी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी आली. ती खरोखरीच एका बाईने स्वतः सांगितलेली हकीकत. एक पुरुषाने स्त्रीचे सोंग घेऊन लिहिलेले, दुसरे स्त्रीने कसलेही सोंग न घेता लिहिलेले. आक्काचा अभिप्राय आला तो असा: "खोट्या पुस्तकाला रडले आणि खऱ्याला हसले. टिळकीण बाईचे भोग काही थोडे नव्हेत. बाप सोवळ्याच्या पायी वस्तू न् वस्तू धुवून घेणारा, नवरा न सांगता निघून जाणारा, शेवटी तर धर्मच बदललेला. पण हिला सांगताना हसू फुटते. यमूला आपट्यांनी हसू दिले नाही." गेल्या शतकभरात ह्या दोन पुस्तकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यापैकी बरेचसे मी वाचले आहे आणि थोडेसे लिहिलेही आहे. यमूला हसू दिले नाही, हे वाक्य त्यात कोठे आढळल्याचे मला स्मरत नाही.

'बनगरवाडी'ची मौज निराळीच झाली. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटी कादंबरी १९५५ ची: माणदेशातले धनगरांचे खेडे, तेथे नव्याने आलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी वाडी. आक्काने ती सरळ खऱ्या पुस्तकांत टाकली. ती कादंबरी आहे असे मी कळविले तर तिला ते पटेना, माडगूळकरांनी लहान वयात स्वतः मास्तरकी केली होती हे कळल्यावर तर ती विजयी मुद्रेने म्हणाली, "बघ!" आता माडगूळकर मास्तर होते म्हणून राजाराम मास्तर खरा होत नाही, हे मी तिला समजावू लागलो, पण समजावता समजावता, तो खरा नाही म्हणजे नक्की काय नाही, हे मलाच नीट सांगता येईना. विषय बदलला.

उलट इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' तिने बरेच दिवस कोठेच ठेवले नाही. हे १९६७ चे पुस्तक मानववंशशास्त्राच्या एका मोठ्या पंडितेने महाभारतावर लिहिलेले. माझ्या यादीत ते आजवर निःशंकपणे उजव्या अंगास असे. लहानपणी देवळातल्या कीर्तनांत आक्काने महाभारत इतक्यांदा ऐकलेले आहे की गांधारीवरील लेख वाचून तिने दूरध्वनीच केला. (ती दूरध्वनी करते म्हणजे प्रकरण गंभीर समजावे.) "अरे, म्हातारपणी वनात गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडली, हे व्यासांनी कुठे सांगितले आहे?" मी म्हणालो, "नाही सांगितलेले. ते बाईंनी कल्पिले आहे." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "एवढी विद्वान बाई, तिला शेवटी खोटे सांगावे लागले. पण सोडली असेल हो पट्टी. मी असते तर कधीच सोडली असती."

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा तिने झपाट्याने वाचल्या. खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगभर कीर्ती असलेल्या ह्या गृहस्थांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली 'कृष्णविवर' ही कथा धाडली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने, आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून. खऱ्या शास्त्रज्ञाने खोटे नाव घेऊन खोट्या गोष्टीत खरे शास्त्र सांगितले, हे ऐकून ती इतकी खूष झाली की शेजारच्या चार घरी सांगून आली.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा पिशवीत फॅरडेचे मेणबत्तीवरचे पुस्तक होते. १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मुलांपुढे मेणबत्ती ह्या एकाच विषयावर सहा व्याख्याने दिली; ती पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. इंग्रजी वाचून मी तिला मराठीत सांगत होतो. मेणबत्ती विझविल्यावर जो धूर निघतो ती मेणाचीच वाफ असते, आणि पेटती काडी वातीपासून दोनतीन बोटे दूर त्या धुरात धरली तर ज्योत उडी मारून वातीवर येते, असे त्यात आहे. आक्का उठली, खाडीकडची खिडकी लावून आली आणि मेणबत्ती घेऊन बसली. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा ज्योत धुरावरून खाली धावली आणि वात पेटली. तिने ते आणखी सातआठ वेळा केले.

पुढे प्रश्न आला, वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते. मी पान उलटण्यापूर्वीच ती म्हणाली, "समईत तेल चढते तसेच. न्हाणीत बादलीच्या काठावर पंचा अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला की बाहेरचे टोक रात्रभर गळत राहते आणि सकाळी बादली अर्धी होते, तसेच ना?" मी पान उलटले आणि थांबलो. फॅरडेने तेथे नेमका हाच दाखला दिला आहे: हात पुसून टॉवेल भांड्याच्या काठावर टाकून जाणारी निष्काळजी मुले आणि त्या टॉवेलाने ओढून जमिनीवर सांडलेले पाणी. मी तो तिला वाचून दाखविला. "मग मोठा मनुष्य आहे," ती म्हणाली, "घरातले बघतो."

तेव्हा मी तिला फॅरडेची गोष्ट सांगितली. लोहाराचा मुलगा, शाळा अगदी थोडी; पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत असता बांधावयास येणारीच पुस्तके तो वाचू लागला. त्यांतले एक होते जेन मार्सेट ह्या बाईने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक. त्या पुस्तकाचे ऋण पुढे कीर्तीच्या शिखरावर असतानाही तो सांगत असे.

आक्का मेणबत्तीचे ओघळलेले मेण नखाने काढीत होती. ती म्हणाली, "मीही तुझ्या पुस्तकांना जूनमध्ये कव्हरे घालायची, तेव्हा आधी वाचून काढायची. आठवी, नववी, दहावी माझी तशीच झाली. भूमितीची मात्र नीट झाली नाही, तू पुस्तक लवकर मागायचास. पुढे तू शहरात गेलास नि पुस्तकेही इंग्रजीत गेली."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. बाजारभाव सांगावा तसे म्हणाली. मला ती कव्हरे आठवली. वर्तमानपत्राच्या कागदाची, कोपरे अगदी काटकोनात दुमडलेली. ती घालण्यास तिला आठआठ दिवस का लागतात म्हणून मी तिच्यावर रागवत असे.

गेल्या महिन्यात तिचे नवे कार्ड आले. आमच्याकडे खाडीकाठी, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब सर्वांस तोंडपाठ: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तिने लिहिले होते: "चंद्र पाणी ओढतो हे सातवीत वाचले होते. पण चंद्र एका बाजूला, मग भरती दिवसातून दोनदा कशी? ह्यावरचे पुस्तक पाठव. खरे किंवा खोटे, कसलेही."

खाडीकाठी जन्मून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझ्या कपाटात समुद्र पुष्कळ आहे, परंतु तो सगळा इंग्रजी कवींचा. शेवटी बऱ्याच वर्षांनी प्रथमच मी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढून दाखविले: चंद्राकडच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा अधिक ओढले जाते, म्हणून ते पुढे फुगते, पलीकडच्या बाजूचे मध्यापेक्षा कमी ओढले जाते, म्हणून ते मागे राहून तिकडे फुगते, आणि फिरती पृथ्वी आपल्याला ह्या दोन्ही फुगवट्यांखालून नेते. चंद्र ह्या अवधीत थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून रोजची पाऊण तासाची घसर. मराठीत तिच्या हाती द्यावे असे पुस्तक मी अजून शोधीत आहे. तूर्त ती आकृतीच टिपणासह पाकिटात घालून धाडली.

उलट टपाली कार्ड आले. "समजले. पण तुझ्या चित्रात चंद्र काढायचा राहिला आहे."